घरी बनवलेलं पेडल बायपासला वाजतं पण ऑन केलं की गप्प: कुठून सुरुवात करायची

गिटारची पेडलं, म्हणजे आवाज बदलणाऱ्या आणि पायाने चालू-बंद करायच्या छोट्या पेट्या, बनवायला लागल्यापासून हा एकच प्रॉब्लेम मी सगळ्यात जास्त वेळा सोडवलाय, आधी माझ्या स्वतःच्या पेडलांवर आणि मग ओळखीच्यांनी 'जरा बघ ना काय झालंय' म्हणून आणून दिलेल्यांवर. सगळं सोल्डर झालेलं असतं, पेटीला रंगही देऊन झालेला असतो, बायपासला, म्हणजे इफेक्ट बंद असून गिटारचा सिग्नल तसाच पुढे जात असताना, गिटार व्यवस्थित ऐकू येते, फूटस्विच दाबला की एलईडी लागतो आणि आवाज गायब. त्या क्षणी माणूस फार खचतो आणि पहिली शंका आयसीवर घेतो, नवीन आयसी आणून बसवतो, तरीही काही होत नाही. खराब पार्ट मला फार क्वचित सापडलाय. सापडतो तो चुकीचा ओळखलेला पार्ट, उलटा बसवलेला पार्ट, नाहीतर कच्चा जोड. म्हणून हे सगळं पार्ट ओळखण्याच्या अंगाने लिहितोय, कारण तेवढं जमलं की अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

आधी लक्षणं. 'चालत नाही' एवढ्यावरून काहीच कळत नाही, नक्की काय होतंय ते कागदावर लिहा.

एलईडी लागतो, बायपासला आवाज आहे, ऑन केल्यावर पूर्ण शांतता: सिग्नल मध्येच कुठेतरी तुटतोय किंवा जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, मिळतोय.

एलईडीही नाही आणि आवाजही नाही: पॉवर पोचत नाहीये.

आवाज येतो पण अगदी बारीक, किंवा तार जोरात छेडली तरच फुटका फुटका येतो आणि लगेच मरतो: बायस, म्हणजे ट्रान्झिस्टर किंवा आयसीला काम करायला लागणारं ठरलेलं व्होल्टेज, बिघडलाय, नाहीतर एखाद्या रेझिस्टरची व्हॅल्यू भलतीच पडलीय.

आवाज आहे पण पत्र्यासारखा, खालचा भाग सगळा गेलेला, किंवा उलट गोधडीखालून आल्यासारखा: कपॅसिटर बघा.

नुसती घरघर, आणि पेटीला हात लावला की कमीजास्त होते: ग्राउंडची वायर सुटलीय.

पेटी उघडी असताना वाजतं, झाकण लावलं की गप्प: काहीतरी पत्र्याला टेकतंय.

बायपासलासुद्धा आवाज नाही: मग सर्किटला हातच लावू नका, जॅक आणि स्विच बघा.

आणि अ‍ॅडॅप्टर लावल्यावर काहीही गरम लागत असेल, वास येत असेल, तर वाचत बसू नका, आधी प्लग काढा.

आता फुकटातल्या गोष्टी. दुसरी केबल लावून बघा, दुसऱ्या पेडलाबरोबर चालणारी. पेडलाचे सगळे नॉब मध्यावर आणा, व्हॉल्यूम शून्यावर राहिल्यामुळे पूर्ण संध्याकाळ गेलेली मी पाहिलीय. आणि व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) बाहेरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या असतील तर शून्य उजवीकडे असतं, त्यामुळे नॉब दोन्ही टोकांना फिरवून बघा.

मग पॉवर. ९ व्होल्टची नवीन बॅटरी मल्टिमीटरवर साडेनऊच्या आसपास दाखवते, आठच्या खाली गेली असेल तर ती बाजूला ठेवा, तिच्यावर तपासणी करू नका. अ‍ॅडॅप्टर असेल तर प्लगवरची खूण बघा. गिटार पेडलांमध्ये बहुतेक ठिकाणी मधली पिन निगेटिव्ह असते, आणि घरातल्या इतर वस्तूंचे अ‍ॅडॅप्टर बरेचदा मधली पिन पॉझिटिव्ह असलेले निघतात, प्लग दिसायला अगदी तसाच, २.१ मिलिमीटरचा, आत आरामात जातो. शिवाय जुन्या जड अ‍ॅडॅप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असलं तरी रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा, नसेल तर काही जोडलेलं नसताना १२-१३ व्होल्टही येतात. साध्या बूस्टरला त्याने फरक पडत नाही, पण ज्या पेडलात मॅक्स१०४४ सारखी व्होल्टेज उलटवणारी आयसी आहे ती १० व्होल्टपर्यंतचीच आहे, १२ दिले की जाते.

बॅटरीचं एक गणित बऱ्याच जणांना माहीत नसतं. इनपुटला स्टिरिओ जॅक असतो (त्यात तीन टोकं: टिप सिग्नलची, मधली रिंग आणि ग्राउंडची स्लीव्ह) आणि बॅटरीची काळी वायर त्याच्या रिंगवर जोडलेली असते, साधी मोनो केबल आत गेली की रिंग आणि स्लीव्ह एक होतात आणि तेव्हाच बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं, केबल काढली की बॅटरी बंद. म्हणजे इनपुटला केबल न लावता बोर्डावर व्होल्टेज मोजलंत तर शून्यच येणार, आणि माणूस उगाच पॉवरचा फॉल्ट शोधत बसतो. मी पहिल्यांदा असाच अख्खा पॉवरचा भाग उकलला होता.

एलईडी लागतोय म्हणजे पॉवर ठीक, हेही धरून चालू नका. एलईडीची वायर बोर्डाच्या वायरपासून वेगळी असते, तो लागला एवढ्यावरून इतकंच कळतं की त्याच्यापर्यंत पॉवर आलीय. बोर्डाला पोचलीय का ते बोर्डावर मोजूनच कळतं.

पुढचं काम डोळ्यांचं. पेटी उघडा, चांगला उजेड आणि भिंग घ्या. पॉटची पाठ धातूची असते आणि बोर्डाच्या मागचे सोल्डरचे टोकदार थेंब तिला टेकतात, हा फॉल्ट मी इतक्या वेळा पाहिलाय की आता प्रत्येक पॉटच्या पाठीवर आधीच टेप लावतो. तसंच उघड्या प्रकारचा जॅक असेल तर केबल आत ढकलल्यावर त्याची टिपची पट्टी बाहेर येते आणि पेटीच्या भिंतीला किंवा शेजारच्या पॉटला लागते, म्हणून केबल लावूनच बघा. स्ट्रिपबोर्डवर, म्हणजे तांब्याच्या समांतर पट्ट्या असलेल्या बोर्डवर, बनवलं असेल तर दोन पट्ट्यांच्या मधून ब्लेडचं टोक ओढून घ्या, केसाएवढा सोल्डरचा धागाही पुरतो, आणि जिथे पट्टी तोडायची होती तिथे ती खरंच पूर्ण तुटलीय का ते मल्टिमीटरच्या बीपवर बघा. जोड चमकदार आणि पायाभोवती नीट चढलेला हवा. गोळा होऊन बसलेला, आजूबाजूला भेग दिसणारा जोड परत गरम करा, थोडं नवीन सोल्डर द्या. याला काहीच खर्च नाही आणि निम्मी पेडलं इथेच बोलायला लागतात असा माझा अनुभव आहे.

तरीही गप्प असेल तर आता पार्ट, आणि इथे घाई करू नका. सर्किटचा आराखडा समोर ठेवा आणि एकेका पार्टवर पेन्सिलने टिक करत जा, मनातल्या मनात 'हे मी बरोबरच लावलं होतं' असं म्हणायचं नाही.

रेझिस्टरपासून सुरू करा, कारण चुका तिथेच जास्त होतात. हल्ली मिळणारे निळसर मेटल फिल्म रेझिस्टर पाच पट्ट्यांचे असतात, पहिल्या तीन पट्ट्या आकडे, चौथी गुणक, पाचवी टॉलरन्स (व्हॅल्यूत किती फरक असू शकतो), आणि १ टक्क्याची टॉलरन्स पट्टी तपकिरी असते. नेमकी अडचण तिथेच आहे, कारण १के, १०के, १००के, १एम (के म्हणजे हजार ओहम, एम म्हणजे दहा लाख) या सगळ्यांची पहिली पट्टीही तपकिरीच. मग कुठल्या बाजूने वाचायचं? १के म्हणजे तपकिरी काळा काळा तपकिरी तपकिरी, तो उलटा वाचला तर ११० ओहम होतो. १०के उलटा वाचला तर १२०, १००के उलटा वाचला तर १३०, आणि या तिन्ही व्हॅल्यू खरोखर बाजारात असतात त्यामुळे शंकासुद्धा येत नाही. त्यात निळ्या अंगावर लाल, तपकिरी आणि नारिंगी पट्ट्या पिवळ्या दिव्याखाली सारख्याच दिसतात. म्हणून रंगावर विसंबू नका, सोल्डर करायच्या आधी प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजा, रंग मग आपोआप पाठ होतात.

बोर्डावर बसलेला रेझिस्टर मोजताना पॉवर काढा, आणि लक्षात ठेवा की आजूबाजूच्या वाटांमुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो. कमी आला म्हणून लगेच उपटू नका. पण जास्त आला, आणि थोडं थांबून आकडा स्थिर झाल्यावरही जास्तच राहिला, तर तो पार्ट चुकीचा आहे किंवा जोड कच्चा आहे. सगळ्यात आधी इनपुटपासून ग्राउंडला जाणारा १एमचा रेझिस्टर बघा. तिथे चुकून १के पडला तर गिटारचा पिकअप त्याला पुरा पडत नाही, सिग्नल जवळपास सगळा बसतो आणि पेडल मेल्यासारखं वाटतं, बाकी सगळं बरोबर असूनही. आराखड्यावर ४के७ असं लिहिलेलं दिसलं तर ते ४.७ किलोओहम, पॉइंट छापताना पुसला जाऊ नये म्हणून तिथे अक्षर घालतात.

कपॅसिटरचे आकडे पिकोफॅरडमध्ये असतात, पहिले दोन आकडे तसेच आणि तिसरा म्हणजे पुढे किती शून्य. १०४ म्हणजे १०च्या पुढे चार शून्य, १,००,००० पिको, म्हणजे १०० नॅनो, म्हणजेच ०.१ मायक्रो, तिन्ही एकच. ४७३ म्हणजे ४७ नॅनो, १०२ म्हणजे १ नॅनो, आणि १०१ म्हणजे फक्त १०० पिको. १०४ आणि १०१ मध्ये एका आकड्याचा फरक दिसतो पण तो हजारपटीचा आहे. सिग्नलच्या वाटेवर १०४च्या जागी १०१ बसला तर खालचे सूर आत येतच नाहीत, तो पत्र्यासारखा आवाज हाच. आणि उलट, तीक्ष्णपणा कमी करायला जो छोटा १०० पिकोचा कपॅसिटर असतो तिथे १०४ लागला तर जवळपास सगळंच ग्राउंडला जातं. हिरव्या किंवा तपकिरी फिल्म कपॅसिटरवर २ए१०४जे असं काहीतरी असेल तर २ए म्हणजे १०० व्होल्ट आणि जे म्हणजे ५ टक्के टॉलरन्स, व्हॅल्यू मधली.

फिल्म आणि सिरॅमिक कसेही बसवा, त्यांना दिशा नाही. इलेक्ट्रोलायटिकला आहे, लांब पाय पॉझिटिव्ह आणि अंगावर पट्टा असलेली बाजू निगेटिव्ह. पाय कापून झाल्यावर पट्टाच बघायचा. पॉवरजवळचा मोठा इलेक्ट्रोलायटिक उलटा लागला तर तो करंट खेचतो, गरम होतो, फुगतो, फुटूही शकतो. असा उलटा राहिलेला कपॅसिटर सुलटा करून परत वापरू नका, नवीन लावा.

डायोडवरचा पट्टा म्हणजे कॅथोड. काचेचा बारीक नारिंगी दिसतो तो बहुतेक १एन४१४८, सिग्नल कापण्यासाठी, आणि काळा जाड दंडगोल १एन४००१, पॉवरच्या संरक्षणासाठी. हा १एन४००१ बरेचदा पॉवर आणि ग्राउंडच्या मध्ये आडवा असतो, पट्टा पॉझिटिव्हकडे, म्हणजे एरवी तो काहीच करत नाही आणि कोणी उलटा अ‍ॅडॅप्टर लावला तर स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. तोच उलटा सोल्डर केला तर? मग बरोबर अ‍ॅडॅप्टर लावला तरी शॉर्ट. गरम होण्याचं लक्षण असेल तर इथे पहिलं बघा. आणि कधी काळी पेडलाला उलटी पॉवर लागली असेल तर तो डायोड आतून कायमचा शॉर्ट झालेला असू शकतो. डायोड मोडवर मोजला की सिलिकॉन एका दिशेने ०.५ ते ०.७ दाखवतो आणि दुसऱ्या दिशेने काही नाही, जर्मेनियम १एन३४ए त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोन्ही दिशांनी बीप वाजला तर तो गेलाय. बोर्डावर शंका आली तर एक पाय सोडवून मोजा.

ट्रान्झिस्टरने मला सगळ्यात जास्त छळलंय. दिसायला सगळे तसेच, काळे, एक बाजू सपाट, तीन पाय. पण सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन३९०४ डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर, आणि बीसी५४७ बरोबर उलटा, कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणजे '३९०४ नाही मिळाला, ५४७ टाकला' हे चालतं, पण तो उलटा फिरवून टाकायला हवा, बोर्डावर छापलेल्या आकारावर जाऊन नाही. २एन७००० आणि बीएस१७० या मॉस्फेटच्या जोडीतही असंच, ७००० सोर्स, गेट, ड्रेन आणि १७० ड्रेन, गेट, सोर्स. फसवणारी गोष्ट अशी की एमिटर-कलेक्टर उलटा लागलेला ट्रान्झिस्टर पूर्ण मरत नाही, थोडासा वाढवतो, त्यामुळे आवाज येतो पण बारीक आणि अशक्त, आणि तुम्ही पॉटवर शंका घेत बसता. डेटाशीट उघडून पाय बघा, प्रत्येक वेळी, मीही अजून बघतो.

आयसीचं सोपं आहे, खाच किंवा टिंब असलेल्या बाजूला पिन १, तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचं. सॉकेट लावलाच पाहिजे, पण सॉकेटमध्ये घालताना एखादी पिन आत दुमडून बसते आणि वरून सगळं सरळ दिसतं, म्हणून एकदा काढून बघा.

पॉटवर ए१००के आणि बी१००के असं असतं, ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. अदलाबदल झाली तर पेडल गप्प होत नाही, फक्त व्हॉल्यूम थोडंसं फिरवलं की एकदम उसळतो. वाजतंय ना, ते नंतर बघा.

आता मल्टिमीटर व्होल्टेजवर ठेवा, काळी प्रोब ग्राउंडला, केबल इनपुटला लावलेली. टीएल०७२ किंवा ४५५८ सारखी दुहेरी ऑप-अँप, म्हणजे सिग्नल वाढवणारी आयसी, असेल तर पिन ८ वर ९ च्या आसपास, पिन ४ वर शून्य, आणि १ व ७ या आउटपुट पिनांवर साडेचार यायला हवे. का साडेचार? कारण सिग्नलला वरखाली दोन्हीकडे सारखी जागा हवी, म्हणून दोन सारख्या रेझिस्टरने ९ चे दोन भाग करून मधला बिंदू दिलेला असतो. आउटपुट ० ला किंवा ८-९ ला चिकटलेला असेल तर सिग्नल हलूच शकत नाही, आणि कारण बहुतेक वेळा त्या दोन रेझिस्टरमध्ये किंवा तिथल्या इलेक्ट्रोलायटिकमध्ये असतं. पिन ३ वर चार-सव्वाचार आले तर घाबरू नका, तिथे १एममधून व्होल्टेज येतं आणि मल्टिमीटर स्वतःच थोडं ओढून घेतो.

सिलिकॉन एनपीएन ट्रान्झिस्टरवर बेस हा एमिटरपेक्षा ०.६ च्या आसपास वर हवा. कलेक्टरवर पूर्ण ९ म्हणजे तो चालूच झालेला नाही, कलेक्टर आणि एमिटर जवळपास सारखे म्हणजे तो पूर्ण उघडून बसलाय, दोन्हीत आवाज नाही. दोन ट्रान्झिस्टरचं फझ (आवाज फाडणारं पेडल) असेल तर दुसऱ्याच्या कलेक्टरवर साडेचारच्या आसपास आणा, तिथे ट्रिमर (बोर्डावरचा छोटा पॉट) दिलेला असेल तर तो हळूहळू फिरवत वाजवून बघा. जे२०१ सारख्या जेफेटमध्ये (हाही ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) तर एका पाकिटातले दोन नगही सारखे नसतात, ट्रिमर सेट केल्याशिवाय ते पेडल वाजणारच नाही आणि त्यात तुमची चूक काही नाही. जर्मेनियम पीएनपीचं जुन्या पद्धतीचं फझ बनवलं असेल तर पॉझिटिव्ह ग्राउंड असतं, सगळे आकडे मायनसमध्ये येतील, आणि ते एकाच अ‍ॅडॅप्टरवरून सगळ्या पेडलांना पॉवर देणाऱ्या साखळी केबलवर जोडू नका, पॉवर शॉर्ट होते. त्याला वेगळी बॅटरी द्या.

व्होल्टेज सगळे बरोबर आणि तरी शांतता, तर ऑडिओ प्रोब बनवा. एक जुनी केबल कापा, तिच्या आतल्या वायरला १०४ कपॅसिटर जोडा, बाहेरच्या जाळीला क्लिप लावून पेडलाच्या ग्राउंडला अडकवा, आणि दुसरं टोक अँपमध्ये, अँपचा आवाज एकदम कमी. कपॅसिटर डीसी अडवतो म्हणून तो हवाच, त्याच्याशिवाय अँपला धक्का बसतो. इनपुटला मोबाईलवरून गाणं नाहीतर लूप चालू ठेवा आणि कपॅसिटरच्या मोकळ्या टोकाने आराखड्याप्रमाणे इनपुटपासून पुढे पुढे टेकवत जा. जिथपर्यंत गाणं ऐकू येतं तिथपर्यंत सगळं ठीक, जिथे बंद पडतं तो आणि त्याच्या आधीचा पार्ट, एवढ्यातच फॉल्ट आहे. मला वाटतं, सर्किटमध्ये कुठला पार्ट काय करतो हे जेवढं यातून कळतं तेवढं वाचून कळत नाही. कपॅसिटरच्या एका बाजूला गाणं आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही हे कानाने ऐकलं की तो कशासाठी तिथे आहे हे विसरत नाही.

प्रोबने बोर्डाच्या आउटपुटपर्यंत आवाज मिळाला तर बोर्ड चांगलाय, उरला फूटस्विच. नऊ टोकांचा तो स्विच म्हणजे तीन वेगळे स्विच शेजारी शेजारी, प्रत्येकात मधलं टोक एकदा या बाजूला आणि दाबलं की त्या बाजूला. स्विच नव्वद अंशात फिरवून सोल्डर झाला असेल तर सगळंच चुकतं, बीपवर तपासा. सोल्डर करताना टोकं फार वेळ तापली तर आतलं प्लास्टिक वितळतं आणि एकच बाजू मरते, म्हणूनच बायपास चालतं आणि इफेक्ट नाही. खात्रीसाठी क्लिपच्या वायरींनी स्विच टाळून इनपुट जॅकची टिप थेट बोर्डाच्या इनपुटला आणि बोर्डाचं आउटपुट थेट आउटपुट जॅकला जोडा. वाजलं तर स्विच बदला.

कुठे थांबायचं? एकाच जागचा पार्ट दोनदा काढून झाला असेल आणि तांब्याचा पॅड उचलला जायला लागला असेल तर तिसऱ्यांदा आयर्न लावू नका, नंतर दुरुस्त करणाऱ्यालाही काही उरत नाही. जुनं, किमती, कारखान्यात बनलेलं पेडल असेल तर डोळ्यांनी बघण्याच्या पुढे स्वतः जाऊ नका. ट्यूबचं पेडल, ज्यात आत शेकडो व्होल्ट तयार होतात, त्याचं झाकण उघडायचंच नाही. थेट भिंतीच्या प्लगवर चालणारी पॉवर सप्लाय किंवा अँप, तेही नाही, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले राहतात. आणि गिटारच्या तारांना किंवा पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पेडलात काही शोधू नका, वाजवणं तिथेच बंद करा, अँप आणि घरातलं अर्थिंग दोन्ही जाणकार माणसाकडून तपासून घ्या.

दुरुस्तीवाल्याकडे पेडल नेताना सर्किटचा आराखडा, पिनवार लिहिलेले व्होल्टेज, प्रोबने आवाज कुठपर्यंत मिळाला ते, आणि तुम्ही कुठले पार्ट बदललेत ते, असं सगळं एका कागदावर लिहून द्या. बदललेला पार्ट लपवू नका, त्याला नेमकं तिथूनच सुरू करायचं असतं.